शुगरची दुसरी गोळी का वाढते?



बैठकीत बचत गोळा झाली की गप्पा हमखास आजारपणावर येतात. शुगरचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "आधी एकच गोळी होती, आता दोन झाल्या. माझा आजार हाताबाहेर गेला का?" दुसरी म्हणते, "डॉक्टर उगाच वाढवतात." मग घरी जाऊन एक गोळी गुपचूप बंद होते. म्हणून या महिन्याचा धडा याच विषयावर.

एक गोळी का पुरत नाही?

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तो इन्सुलिन तयार करतो. रक्तातली साखर शरीराच्या कामाला लावायचं काम इन्सुलिनचं. टाईप टू डायबेटिसमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही, आणि वर्षं जातात तसं ते तयारही कमी होतं. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, तो १९९९ साली छापून आला. तीन वर्षांनी साधारण निम्म्या लोकांचीच शुगर एका औषधावर ताब्यात होती. नऊ वर्षांनी तर चारातल्या एकाचीच. म्हणजे गोळी वाढली यात तुमचा गुन्हा नाही. हा आजारच तसा आहे.

प्रत्येक गोळीचं काम वेगळं

शेतात पाणी जास्त झालं तर आपण काय करतो? मोटर कमी करतो, दारं धरायला माणूस वाढवतो, नाहीतर चर काढून पाणी बाहेर सोडतो. गोळ्यांचंही तसंच आहे.

• मेटफॉर्मिन: यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. म्हणजे मोटर कमी केली. ही जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी, नाहीतर मळमळ, जुलाब होतात.

• ग्लिमेपिराइड: स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. म्हणजे दारं धरायला माणूस वाढवला. ही घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते.

• सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन: जेवणानंतर वाढणारी शुगर आवरायला मदत करतात.

• डापाग्लिफ्लोझिन: जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. म्हणजे चर काढला. पाणी भरपूर प्यावं. अंगावरच्या जागी खाज, जळजळ झाली तर लाजू नका, नर्सताईंना सांगा.

गोळ्यांनी भागलं नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन जोडतात. तीही शिक्षा नाही.

आता विचार करा, दोनातली एक गोळी आपल्या मनाने सोडली तर काय होईल? त्या बाजूचं काम बंद पडतं. लगेच काही दुखत नाही, पण डोळे, किडनी आणि पायाच्या नसा आतून खराब होत राहतात.

शुगर खाली गेली तर

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. रोजगाराला गेल्यावर, जेवण लांबलं की हे होतं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या, आणि मग भाकरी खा. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. कामावर जाताना पदराला साखरेची पुडी असू द्या.

एकादशी, नवरात्राचा उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साबुदाण्यानेही शुगर वाढते. उलट्या-जुलाब लागले, जेवण जात नसेल, तरी गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी विचारा.

डॉक्टरांकडे जाताना

१. घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. कधी एकाच गोळीत दोन औषधं असतात. पाकिटावरचं नाव वेगळं, आतलं औषध तेच, असं झालं तर डबल डोस पडतो.

२. विचारा: ही गोळी कशासाठी? जेवणाआधी की नंतर? माझी किडनी तपासली का?

३. एचबीए१सी ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते. बहुतेकांसाठी ती ७ च्या खाली हवी. तुमचा आकडा किती असावा ते डॉक्टर वय बघून ठरवतात.

४. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा.

५. खर्च झेपत नसेल तर गोळी बंद करू नका, तसं स्पष्ट सांगा. सरकारी दवाखान्यात शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात इतर गोळ्या स्वस्त पडतात.

आणि शेजारणीची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका. तिची किडनी वेगळी, तुमची वेगळी.

गोळ्या वाढल्या तरी चालणं आणि ताटातला भात मोजून घेणं सुटत नाही.

गटात करायचं काम: पुढच्या बैठकीला शुगर असलेल्या तायांनी आपली गोळ्यांची पाकिटं आणावीत. वाचता येणाऱ्या ताईने नाव आणि वेळ प्रत्येकीच्या वहीत लिहून द्यावी. तिशी ओलांडलेल्या ज्यांनी अजून तपासणी केली नाही, त्यांची यादी आशाताईंकडे द्यावी.