काळमेघाचे कार्यकारी तत्त्व आणि क्लिक रसायनशास्त्र

काळमेघ, अर्थात ओले किराईत, आपण ज्वर व यकृद्विकारांत नेहमी योजतो. त्यातील अँड्रोग्राफोलाइड हे तिक्त तत्त्व शरीरकोशांतील नेमक्या कोणत्या प्रथिनांस जाऊन चिकटते, हे शोधणे सोपे नव्हते. कोशात प्रथिने हजारो. रेणूला खूण बांधल्याखेरीज त्याचा माग लागत नाही, आणि खूण मोठी असेल तर रेणूचे वर्तनच पालटते. ही अडचण क्लिक रसायनशास्त्राने बरीच दूर केली.

ही संज्ञा बॅरी शार्पलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. २००२ मध्ये शार्पलेस आणि डेन्मार्कचे मॉर्टेन मेल्डाल यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, तांब्याच्या सान्निध्यात अॅझाइड व अल्काइन हे गट झटकन जुळून ट्रायझोल नावाचे पक्के वलय बनते. मानवी कोशात हे गट स्वभावतः नसल्याने जोड हवी तेथेच होते. मात्र मुक्त ताम्र-आयन जिवंत कोशांस घातक. (ताम्रभस्माशी याचा संबंध कोणी जोडू नये.) कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ मध्ये आठ कार्बनांचे ताणलेले वलय वापरून तांब्याविना हीच जोड साधली. या तिघांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१४ मध्ये सिंगापूर येथील संशोधकांनी काळमेघाविषयीचे असे कार्य प्रसिद्ध केले. अँड्रोग्राफोलाइडला चिमुकला अल्काइन गट जोडून तो रेणू मानवी आतड्याच्या कर्करोगकोशांना दिला. रेणूतील लॅक्टोन वलय प्रथिनांच्या सिस्टीनमधील गंधकाशी कायमचे बद्ध होते. नंतर कोश फोडून अॅझाइडयुक्त बायोटिन त्या अल्काइनशी 'क्लिक' केले. स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या मण्यांनी ती प्रथिने ओढून घेतली व मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखली. त्यांत शोथप्रक्रियेचे नियमन करणारे एनएफ-कप्पा-बी होते, तसेच अॅक्टिनही.

औषधनिर्मात्यांनी येथे सावध राहावे. हा प्रयोग पृथक् केलेल्या तत्त्वाचा व काचपात्रातील कोशांवरचा आहे. चूर्ण वा क्वाथाचा नव्हे, रुग्णाचा तर नव्हेच. पचन, शोषण व यकृतातील रूपांतर त्यात येतच नाही. त्याच्या आधारे वेष्टनावर कर्करोगाचा उल्लेख करणे अशास्त्रीय आहे, शिवाय १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या कक्षेत येणारेही आहे.

असे शोधनिबंध वाचताना दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. खूण बांधलेल्या रेणूची क्रिया मूळ रेणूइतकीच टिकली आहे काय? आणि मूळ रेणू आधी भरपूर दिल्यास प्रथिनांवरील खूण घटते काय? ती घटत नसेल तर पकडलेली प्रथिने त्या द्रव्याची नसून खुणेची असू शकतात.