संशय : घेतलेला आणि आलेला

देकार्त शिकताना ‘सर्व गोष्टींवर संशय घ्यावा’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. पण समोरच्या फळ्याविषयी वा हातातल्या वहीविषयी मला क्षणभरही संशय आला नव्हता. मग मी लिहिले त्याला अर्थ काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना युरोपीय व अमेरिकन तत्त्वचिंतनातील एक महत्त्वाचा भेद माझ्या ध्यानात आला.

देकार्तचा ‘मेडिटेशन्स’ हा ग्रंथ १६४१ साली प्रसिद्ध झाला. इंद्रिये फसवतात, स्वप्न व जागृती यांत फरक करणारी खात्रीची खूण सापडत नाही. म्हणून जे जे संशयास्पद ते दूर सारून अढळ पाया शोधावा, हा त्याचा मार्ग. १९२९ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल याने पॅरिसला दिलेली व्याख्याने याच वाटेने जातात. मात्र हुसर्ल जग नाकारीत नाही. ‘जग आहेच’ हा आपला नित्याचा विश्वास तो तात्पुरता बाजूस ठेवतो व वस्तू जाणिवेत कशी प्रतीत होते ते न्याहाळतो.

अमेरिकेत चार्ल्स पर्सने १८६८ मध्येच या आरंभाला हरकत घेतली होती. मनात नसलेला संशय कागदावर आणून काय साधणार? खरा संशय अडचणीतून येतो. विहिरीचे पाणी आपण रोज पितो. चार घरी माणसे आजारी पडली की मग शोध सुरू होतो. सत्याची पारखही एकट्याच्या मनात न होता शोधकांच्या समुदायात होते, असे पर्स म्हणतो. जॉन ड्यूईने हा विचार शिक्षण व लोकशाही यांपर्यंत नेला. कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंचे विद्यार्थी असलेल्या डॉ. आंबेडकरांनी त्यांचे ऋण १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नमूद केले आहे.

हा भेद नकाशावरील रेघेसारखा नाही. पर्स कांटच्या अभ्यासातून घडला. हुसर्लने विल्यम जेम्सचे मानसशास्त्र वाचले होते.

मला पर्स पटतो. पण एक शंका उरते. रूढी ज्याच्या सोयीची असते, त्याला तिच्यात अडचण दिसतच नाही. आपल्या घरी कोणी आजारी नाही म्हणून पाणी चांगले, असे तो म्हणेल. अशा वेळी दोनच उपाय उरतात : शेजाऱ्याची अडचण ऐकावी, नाहीतर देकार्तप्रमाणे बुद्ध्या संशय घ्यावा. माझ्या वहीतले ते वाक्य मी म्हणूनच खोडलेले नाही.