जुनी कट्यार : असल कोणती, नक्कल कोणती?

आमचा धंदा कापडाचा. जर खरी की खोटी, हे आम्ही बोटाने ओळखतो. तरी काही वर्षांपूर्वी अंधेरीत एकाने 'जौहरदार' म्हणून दिलेल्या खंजिराने आम्हाला फसवले. घरी पात्याच्या कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवला, तर लहरी पुसल्या गेल्या आणि पुन्हा तेजाब लावूनही आल्या नाहीत. साकीनाका-घाटकोपरकडे भंगाराचे व पॉलिशचे काम करणाऱ्या आपल्या भावांच्या हाती अशी वस्तू कधीही येऊ शकते, म्हणून शिकलो ते लिहितो.

छापलेली बुट्टी आणि विणलेली बुट्टी यांत जो फरक, तोच खोट्या आणि खऱ्या जौहरात. तेलंगणात कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत पोलाद वितळवून वड्या करीत. हा माल इराणपर्यंत जाई. त्याची नक्षी धातूच्या आतच असते, म्हणून घासून गेली तरी सौम्य तेजाबाने परत उमटते. जावाच्या किरिसवरचा 'पामोर' वेगळा. तो निरनिराळ्या लोखंडाचे थर कुटून जोडल्याने येतो.

मात्र जौहर नाही म्हणून कट्यार नवी, असे समजू नका. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अनेक दख्खनी कट्यारींना युरोपी तलवारीचे कापलेले पाते खिळ्यांनी जडवलेले असते. अडाणी गिऱ्हाईक त्याला जोड समजून भाव पाडते. ती तर त्या काळची रीतच होती.

मग मूठ पाहा. दोन आडव्या दांड्या तळहात लागतो तेथे झिजलेल्या असाव्यात. कोपऱ्यात विजेच्या वेल्डिंगचा मणी दिसला, तर मूठ नवी किंवा निदान अलीकडे दुरुस्त केलेली. सोन्याचे काम भिंगाखाली धरा. कोफ्तगरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून त्यावर तार ठोकतात. सोने उडाले की त्या रेघा दिसतात. तहनिशानात तार खोदलेल्या खाचेत बसते. मुलाम्याखाली यांतले काहीच नसते. जुना गंज काळपट, घट्ट असतो. मीठ-तेजाबाचा ताजा गंज नारिंगी, बोटाला लागणारा. एका खुणेवर निकाल देऊ नये, चार जुळू द्या.

आणि मेहरबानी करून बफिंग मशीनवर धरू नका! चकाकी येते आणि किंमत जाते. कोरडे फडके, थोडे तेल, बस्स. नजर तयार करायची तर फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे पाहावीत. १५८१ सालचे अकबराचे चिलखतही तेथेच आहे.

कट्यारीला १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. शिवाय शंभर वर्षे भरली की १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते : तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. आखातात निघालेल्या पाहुण्याच्या बॅगेत भेट म्हणूनसुद्धा नाही.