गोंदिया ते कोल्हापूर : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

राज्याच्या ईशान्य टोकास गोंदिया, तर नैर्ऋत्येस कोल्हापूर. या दोन शहरांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे असा मोठा वळसा घेत सुमारे १,३४० कि. मी. धावते आणि त्यात एका अहोरात्रीहून अधिक काळ जातो. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानकाळात, १९३९ साली सुरू झाला. गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. मग या दोहोंमधील आकाशमार्गाचे अंतर किती?

हे गणित शाळेतील नकाशावरूनही करता येते. बिरसी विमानतळ २१ अंश ३२ मिनिटे उत्तर अक्षांश व ८० अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूरचा १६ अंश ४० मिनिटे व ७४ अंश १७ मिनिटांवर. अक्षांशांतील फरक ४ अंश ५२ मिनिटे. एका अंशास १११ कि. मी. धरल्यास हे अंतर ५४० कि. मी. होते. रेखांशांतील फरक बरोबर ६ अंश आहे. परंतु विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांशाचा अंश आखूड होत जातो आणि १९ अक्षांशाच्या आसपास तो सुमारे १०५ कि. मी. भरतो. म्हणजे ६३० कि. मी. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू झाल्या. कर्ण येतो सुमारे ८३० कि. मी. (विद्यार्थ्यांना पायथागोरसचा उपयोग पटवून देण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.)

लहान विमानतळांवर वापरली जाणारी पंख्याची विमाने ताशी ५०० कि. मी.च्या सुमारास उडतात. त्या हिशेबाने १ तास ४० मिनिटे लागतील. ताशी ५० कि. मी. वेगाचा वारा समोरून आल्यास १ तास ५१ मिनिटे, पाठीमागून आल्यास १ तास ३१ मिनिटे. चढणे, उतरणे व धावपट्टीपर्यंत जाणे यांसाठी आणखी वीस-पंचवीस मिनिटे धरावीत.

परंतु हा हिशेब थेट विमानाचा झाला. गोंदिया-हैदराबाद सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, आणि कोल्हापूर-हैदराबाद मार्गावरही गेल्या काही वर्षांत विमाने गेली आहेत. हैदराबादमार्गे अंतर ५१५ अधिक ४४५, म्हणजे ९६० कि. मी. होते. वाढ केवळ १३० कि. मी.ची, म्हणजे उड्डाणाच्या जेमतेम सोळा मिनिटांची! खरा वेळ जातो तो दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात. पहिले विमान सायंकाळी पोहोचले आणि पुढचे दुसऱ्या दिवशी सकाळी असले, तर हैदराबादेतच मुक्काम घडतो आणि रेल्वेचा प्रवासी फारसा मागे राहत नाही. म्हणून विमानसेवेची मागणी करणाऱ्या ठरावात केवळ मार्गाचे नाव घालून भागत नाही. पुढील विमानाची वेळ आणि आठवड्यातील उड्डाणांचे वारही त्यात नोंदवावे लागतात.