टँकमधली भांडणं मिटवायची कशी?

चिन्मयच्या तीन फुटी टँकमध्ये दोन एंजल, तीन टायगर बार्ब आणि थोडे निऑन टेट्रा आहेत. एंजलचे पर कुरतडले जाऊ लागले, तसं त्याने अनेक वर्षं मासे पाळणाऱ्या आपल्या आत्याला गाठलं.

चिन्मय : आत्या, हे बार्ब फारच दुष्ट आहेत गं! एंजलच्या अगदी हात धुऊन मागे लागलेत.

आत्या : दुष्ट म्हणू नकोस. किती बार्ब आणलेस?

चिन्मय : तीनच. म्हटलं, उगाच गर्दी नको.

आत्या : घोळ तिथेच आहे. टायगर बार्ब हा सुमात्रा-बोर्निओकडचा, थव्याने राहणारा मासा. थव्यात वरचढ कोण, हे ठरवायला ते एकमेकांना सारखे डिवचतात. आठ-दहा जण असले की ही झटापट सगळ्यांत वाटली जाते. तीनच असले की त्यांच्यातला दुबळा मार खातो, नाहीतर मोर्चा शेजाऱ्याकडे वळतो. तुझा एंजल तर संथ पोहणारा, लांब पर पसरून एका जागी तरंगणारा. तो आयताच सापडतो.

चिन्मय : मग आणखी सहा-सात बार्ब आणतो.

आत्या : त्रास कमी होईल, थांबेलच असं नाही. लांब परांचे एंजल, गप्पी किंवा फायटर बार्बसोबत ठेवूच नयेत. टँक बार्बचा करायचा की एंजलचा, हे तू ठरव.

चिन्मय : एंजलचा. म्हणजे निऑन सुखात राहतील ना?

आत्या : एंजल लहान आहेत तोवर. पूर्ण वाढलेला एंजल १५ सेंटीमीटरपर्यंत लांब होतो, निऑन जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. जो तोंडात मावतो, तो खाल्ला जातो. ते भांडण नव्हे, भूक आहे. एंजलसोबत जरा मोठे टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरीडोरास ठेव.

चिन्मय : मग खरं भांडण कशावरून होतं?

आत्या : मुख्यतः जागेवरून. एंजलची जोडी जमली की ती उभ्या पानावर किंवा काचेवर अंडी घालते आणि तो कोपरा आपला मानते. मग एरवी शांत असलेले एंजल जवळ येईल त्याला पिटाळतात. दुसरं कारण सारखेपणा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी प्रवाळातल्या रंगीत माशांचं निरीक्षण करून १९६३ सालच्या पुस्तकात मांडलं, की मासा सगळ्यांत जास्त चिडतो तो आपल्याच जातीच्या माशावर, कारण दोघांना अन्न आणि जागा तीच हवी असते. आपल्यासारखा दिसणारा परका मासाही यात भरडला जातो. रेड टेल शार्क आणि रेनबो शार्क एका टँकमध्ये नकोत, ते यासाठीच.

चिन्मय : नदीतही हे होतच असेल की.

आत्या : होतं, पण तिथे हरलेला मासा पळून जातो. टँकमध्ये तो दोन फुटांवर पुन्हा समोर येतो, आणि मारणारा थांबत नाही. म्हणून आडोसे करायचे. दगड, लाकडाचा ओंडका, उंच वनस्पती अशा लावायच्या, की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसू नये.

चिन्मय : म्हणजे मासे कमी आणि आडोसे जास्त?

आत्या : बहुतेकदा हो. पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड बघ. त्यांच्या टँकमध्ये अनुभवी लोक दगडांच्या कपारी रचतात आणि मासे मुद्दाम दाट ठेवतात, एका नरामागे अनेक माद्या. मग दांडगटाला एकाच माशाला धरून बसता येत नाही. अर्थात त्यासाठी टँक मोठा, फिल्टर दमदार आणि पाणी वरचेवर बदलायला हवं. तीन फुटी टँकमध्ये एंजलसोबत ही युक्ती करू नकोस.

चिन्मय : नवा मासा सोडला की जुने तुटून पडतात. तेव्हा काय करू?

आत्या : आधी दगड-ओंडके हलव. जुन्या हद्दी मोडल्या की सगळेच नव्याने जागा शोधतात. मग जुन्यांना पोटभर खायला घाल, दिवा बंद कर आणि नवा मासा सोड. एखादा तरीही छळत राहिला, तर मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला काही दिवस वेगळं ठेव. परत येईल तेव्हा तोच नवखा असेल.

चिन्मय : आणि जखमी एंजल?

आत्या : त्याला आत्ताच वेगळं कर. पाणी स्वच्छ असेल तर पर पुन्हा वाढतात. घाण पाण्यात सडतात. पाणी तपासूनही घे. मासा कोपऱ्यात दबून बसतो, भराभर कल्ले हलवतो, ते नेहमी माराच्या भीतीनेच असं नाही. अमोनिया वाढला तरी तो असाच वागतो.

चिन्मय : बार्बचं काय? तळ्यात सोडू?

आत्या : मुळीच नाही! लोकांनी असेच सोडलेले परदेशी सकर मासे आज आपल्या देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलेत आणि मच्छीमारांची जाळी फाडतायत. बार्ब दुकानदाराला परत दे, नाहीतर बार्बचाच टँक असलेल्या कुणाला दे. आणि पुढच्या वेळी मासा घेण्याआधी तीन गोष्टी विचार : पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, किती जणांत राहतो, आणि टँकच्या वरच्या, मधल्या की तळाच्या भागात वावरतो. कुणी कुणाशेजारी राहायचं, हे मासे ठरवत नाहीत, आपण ठरवतो. म्हणून त्यांच्या भांडणाची जबाबदारीही आपलीच.