‘संत तुकाराम’ : घरी पुन्हा पाहताना

काही ग्रंथ एकदा वाचून हातावेगळे करता येत नाहीत. तसेच काही चित्रपट एकदा पाहून संपत नाहीत. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा अशांपैकी एक होय. १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो प्रदर्शित झाला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांमध्ये त्याची गणना झाली. त्या काळी खेळ संपून दिवे लागले की प्रेक्षकापाशी उरे ती केवळ आठवण. पुढे व्हिडिओ फीत आली, मग तबकडी आली, आणि हा चित्रपट आपल्या घरात येऊन बसला. आता तो हवा तेथे थांबविता येतो, पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे नेता येतो. या सोयीचा अभ्यासाला काय उपयोग होतो, ते पाहू.

प्रथम संगीताकडे वळू. हा चित्रपट गाण्यांनी भरलेला आहे. पण त्यातील गाणी कथानकाला लावलेली झालर नव्हे. आरंभीच तुकोबा डोळे मिटून अभंग गाताना दिसतात. तोच अभंग पुढे सालोमालो हा मंबाजीच्या वळणाचा दांभिक मनुष्य देवळात स्वतःचा म्हणून गातो. शब्द तेच, परंतु एकाच्या गाण्यात साधेपणा व तल्लीनता आहे, तर दुसऱ्याच्या गाण्यात नाटकी ताना आणि श्रोत्यांवर छाप पाडण्याची धडपड. संगीतकार केशवराव भोळे यांनी केवळ गायनाच्या ढंगातून दोन माणसांचे स्वभाव उभे केले आहेत. प्रथम पाहताना हा भेद आपल्याला नुसता जाणवतो. दोन्ही प्रसंग लागोपाठ लावून ऐकले म्हणजे तो कशात आहे, हे समजते.

दुसरी गोष्ट जिजाईची. पहिल्या वेळी आपले लक्ष चमत्कारांकडे असते : इंद्रायणीत बुडविलेली गाथा वर येते, अखेरीस वैकुंठाचे वाहन उतरते. पुन्हा पाहताना मात्र नजर घरातील त्या कष्टाळू, फटकळ बाईवर खिळते. चूल, मुले आणि म्हैस यांतून तिला उसंत नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती संतापून वहाण हाती घेते आणि देवालाच जाब विचारावयास निघते. गौरी या अभिनेत्रीने ही भूमिका इतकी जिवंत केली आहे की तिच्या बोलण्यात अभिनय शोधूनही सापडत नाही. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तिला संताच्या वाटेतील धोंड म्हणून रंगविले नाही. पती वैकुंठास निघतो आणि ती मागे राहते. तुकोबांच्या विरक्तीची किंमत घरात कोण मोजीत होते, हा प्रश्न चित्रपट शब्दांत विचारीत नाही; परंतु तिचा चेहरा थोडा वेळ थांबवून पाहिला की तो आपल्यालाच पडतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. या चित्रपटात बीजाच्या दृष्टान्ताचे एक गीत आहे. कित्येकांना ते तुकोबांचेच वाटते. परंतु ते गाथेत नाही. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचले. तुकोबांच्या चेहऱ्याचेही तसेच. रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविलेले विष्णुपंत पागनीस येथे तुकोबा झाले, स्वतःच्या गळ्याने गायिले, आणि त्यांचीच मुद्रा पुष्कळांच्या मनात तुकोबांची मुद्रा म्हणून कायम झाली.

घरात चित्रपट पाहताना आजी गीत सुरू होताच हात जोडते, आणि नातू म्हणतो, “आजी, हा अभंग तुकोबांचा नव्हे.” अशा वेळी तिचे मन दुखावणे स्वाभाविक आहे. मग नातवाने गप्प बसावे काय? तसे नाही. सत्य सांगावे; पण अर्धे सांगून थांबू नये. आठवल्यांनी तुकोबांची भाषा इतकी आत्मसात केली होती की ऐकणाऱ्याला वेगळेपण उमगू नये, हेही त्याच श्वासात सांगावे. सालोमालोने दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून मिरविले. आठवल्यांचे शब्द मात्र लोकांनीच तुकोबांच्या पदरी घातले. पहिली चोरी होय, तर दुसरी कवीला मिळालेली मोठी पावती. आजीने जोडलेले हात ही त्या पावतीवरची सहीच म्हणावयाची. हा फरक कळला, तर चिकित्सा आणि भक्ती एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

घरच्या पडद्यापाशी एक उणीवही आहे. भरलेल्या चित्रपटगृहात शेकडो माणसे एका वेळी स्तब्ध होत, तो अनुभव एकट्याने बसून येत नाही. म्हणून आधी संपूर्ण चित्रपट वडीलधाऱ्यांसह, मध्ये न थांबविता पाहावा. थांबवून अभ्यास करावयाचा तो दुसऱ्या खेपेस. त्या वेळी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत :

१. तुकोबांचे गाणे व सालोमालोचे गाणे यांत कोणते तीन भेद आढळले?

२. जिजाई कोणत्या प्रसंगी बोलून, आणि कोणत्या प्रसंगी न बोलता, आपले मन प्रकट करते?

३. चित्रपटातील कोणते अभंग गाथेत सापडतात? गाथा उघडून ते स्वतः पडताळून पाहा.

तिसऱ्या प्रश्नासाठी गाथा हाती घेतलीत, तर तबकडीचा खरा उपयोग झाला असे समजावे. कारण त्या निमित्ताने तुम्ही पडद्यावरच्या तुकोबांकडून ग्रंथातल्या तुकोबांकडे गेलेले असाल.