निळ्या टोपणाची नळी

गवत कापताना बोटाला विळा लागतो. रक्त येते. आपण बोट दाबून धरतो. थोड्या वेळाने रक्त गोठते आणि थांबते.

पण हेच रक्त अंगातल्या अंगात गोठले तर? त्याची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अर्धे अंग लुळे पडते. हृदयात धातूची झडप बसवलेली असली की ही भीती कायमची. म्हणून अशा माणसाला जन्मभर एक गोळी घ्यावी लागते. लोक म्हणतात, ‘रक्त पातळ करायची गोळी.’ खरे तर रक्त पातळ होत नाही. ते उशिरा गोठते, एवढेच.

या औषधाची गोष्ट गोठ्यात सुरू झाली. अमेरिकेत बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्त वाहून मरत होती. १९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठलेले रक्त घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे गेला. लिंक आणि त्याचे सोबती सहा वर्षे खपले. चाऱ्यातला दोष त्यांनी शोधून काढला. त्यातूनच पुढे वॉरफरिन हे औषध निघाले. १९४८ साली ते उंदीर मारायला विकू लागले. १९५४ पासून माणसांना देऊ लागले!

तेव्हा माप चुकून कसे चालेल? गोळी जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. कमी पडली तर गुठळी होते. एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही. रोजची मेथी, पालक एकदम सोडली किंवा दुसरे औषध सुरू केले, तरी फरक पडतो. नाडी बघून हे कळत नाही. ते कळते प्रयोगशाळेत.

तिथे आपले रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीत रक्त गोठू न देणारे थोडे औषध आधीच असते. नऊ भाग रक्ताला एक भाग औषध. नळी रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी राहिली तर आकडा खोटाच मोठा येतो. मग डॉक्टर गोळी कमी करतील, आणि तिकडे गुठळी धरेल. म्हणून चांगला तपासनीस अपुरी नळी परत पाठवतो. ‘आता पुन्हा सुई टोचायची?’ असे म्हणून आपण चिडतो. आमच्या मते त्या माणसाचे पाय धरावेत.

मग तो रक्त यंत्रात फिरवतो. वर पिवळसर पाणी येते. ते अंगाइतके कोमट ठेवून त्यात गोठवणारे द्रव्य घालतो आणि सेकंद मोजतो. पण हे द्रव्य सगळीकडे सारखे नसते. पूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे, तसेच. म्हणून १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकच माप ठरवले. त्याला आय. एन. आर. म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा २ ते ३ हवा. काही झडपांना थोडा अधिक लागतो. आकडा फारच वर गेला, तर तपासनीस त्याच दिवशी डॉक्टरांना कळवतो.

आता काही नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. पण धातूची झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत.

अशा माणसाजवळ एक कार्ड असते. त्यावर तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा लिहितात. घरात कुणाचे असे कार्ड असेल तर काढा आणि वाचा. शेवटचा आकडा किती आहे? पुढची तारीख कोणती? ती उलटून गेली असेल, तर उद्याच रक्त तपासायला न्या. जाताना कार्ड बरोबर घ्या. गोळी मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.